मामाच्या मांडीवरचं जावळ

ती पोरगी ठाण्याच्या बाकावर बसलेली मला अजून दिसते. सत्तरच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा सोलापूर शहरात फौजदार होतो. मंद्रूपची शेतकऱ्याची लेक, पदर छातीशी घट्ट धरून बसलेली. हवालदारानं चहा दिला तर तिनं तोंड लावलं नाही. “सायब, माजं लेकरू अंगावर पितंया. दूध दाटून येतंय नि पाजायला त्यो न्हाय,” एवढंच ती बोलली.

नवरा नवी पेठेतला कापडवाला. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि बारशाच्या दिवशी मानपानावरून दोन्ही घरांत वाजलं. ती सासरी परतलीच नाही. मग एक दिवस नवरा मंद्रूपला आला, पोराला देवळात नेऊन आणतो म्हणाला आणि त्याला घेऊन गेला तो गेलाच. नवराबायकोच्या भांडणात पोलिसांनी नाक खुपसू नये, असा आमचा रिवाज. पण मूल पिणारं होतं, म्हणून मॅजिस्ट्रेटसाहेबांनी शोधाचं वॉरंट दिलं.

घराची झडती घेतली. पाळणा मोकळा, आणि नवऱ्याची आईही घरात नाही. नवऱ्याला ठाण्यात आणलं. गडी मोठा चिवट.

“पोरगं माझंच आहे ना साहेब? मग मी चोरलं कसं?”

“कुठं ठेवलंयस ते सांग.”

“सुखात आहे. तिला यायचं तर नांदायला येऊ दे. पोराच्या ओढीनं तरी येईल.”

मी आवाज चढवून पाहिला, गोडीनं पाहिलं. नातेवाइकांची घरं पालथी घातली. आठवडे गेले. ती दर खेपेला एस.टी.नं यायची आणि त्याच बाकावर बसायची. दाराशी कुणाचं मूल रडलं की अर्धवट उठायची. त्या रिकाम्या हातांकडे बघवत नसे. मग एकदा ती म्हणाली, “आता दूध बी येत न्हाय, सायब.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि मग तिचा भाऊ एकटाच ठाण्यात आला. टोपी हातात, मान खाली.

“म्हातारीचा सांगावा आलाय सायब, पोराच्या आजीचा. नववा म्हैना सरत आलाय, जावळ काढायचं हाय. टेंभुर्णीला ये म्हणती. बहिणीला कळू द्यायचं न्हाय, अशी आण घातलीया.”

मी खुर्चीतून उठलोच. पोरगं पोलिसांपासून लपवलं, आईपासून लपवलं. पण जावळ काढायला मांडी मामाचीच हवी! लेकाला न विचारता म्हातारीनं परस्पर निरोप धाडला होता. भाड्याचा मामा बसवायला तिचं मन धजलं नाही.

“आण मोडली तर पोराला बाधंल का हो?” त्यानं विचारलं.

“तुला तुझ्या बहिणीला सांगायचं नाही ना? मग मी सांगतो,” मी म्हणालो.

टेंभुर्णीत लांबच्या नात्यातलं घर होतं. आम्ही साध्या कपड्यांत गेलो. अंगणात मामा पाटावर, मांडीवर पोर, डोक्यावर वस्तरा फिरतोय. वॉरंट माझ्या खिशात होतं, पण शेवटची बट खाली पडेपर्यंत मी ते काढलं नाही. मग बाहेर थांबवलेल्या त्याच्या आईला पुढं आणलं.

तिनं पोराला उचललं आणि त्यानं जो टाहो फोडला! पाठ ताठ केली, हात आजीकडे पसरले.

“आरं, मी हाय की! आई हाय तुजी!” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पोरगं तिला विसरलं होतं. इतके दिवस झुरली ती ज्याच्यासाठी, तो तिचं तोंडसुद्धा बघेना.

मी म्हातारीला आत जायला सांगितलं. ती मुकाट्यानं गेली. पोर रडून निळं पडायला आलं, तेव्हा दाराआडून तिचा आवाज आला, “पालता घे गं खांद्यावर. पाट थोपट, हळू. आता तसाच झोपतो त्यो.”

सुनेनं तसं केलं. हुंदके उतरत गेले आणि पोर निजलं. आई उभ्या उभ्या डुलत रडत होती, आवाज न करता.

“झोपला व्हय?” आतून विचारलं.

“झोपला, आत्या.”

त्यानंतर आत म्हातारीनं फोडलेला हंबरडा मला सहन झाला नाही. मी अंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो. पुढं कोर्टानं मूल आईकडेच ठेवलं, बापाला भेटायची मुभा दिली, आणि ते रास्तच होतं.

मूल ताब्यात घ्यायची प्रकरणं नंतरही आली. प्रत्येक वेळी मी वॉरंट दाखवायच्या आधी ज्या घरातून मूल न्यायचं त्या घरातल्या बाईला बाजूला बसवलं आणि विचारलं, बाई, हा झोपतो कसा तेवढं सांगा. एकीनंही खोटं सांगितलं नाही. सांगून झालं की सगळ्या एकच विचारायच्या, “नेताच का हो आता?” आणि मी खिशातलं वॉरंट काढायचो.