बेल्ट काढायला कोणी लावला

बांधकामावर सगळे त्यांना वस्ताद म्हणत. तीस वर्षं बांबूच्या परांच्या बांधून गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना नव्या मजुरांना सुरक्षेचे धडे द्यायला बसवलं. दर सोमवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये ते हेल्मेट कसं घालायचं, बेल्टचा हूक कुठे अडकवायचा, हलणारी फळी कशी ओळखायची, हे शिकवत. बोलणं असं खुसखुशीत की पेंगणाराही डोळे उघडून ऐके.

सगळ्यात रंगायची ती मेव्हण्याची गोष्ट.

"माझा सख्खा मेव्हणा. दहादा सांगितलं, बेल्ट लाव. तर हा छाती काढून म्हणतो कसा, 'अहो, मी काय आज पहिल्यांदा चढतोय?'" मग वस्ताद त्याची ऐटबाज चाल करून दाखवत. शेड हसायची. "तिसऱ्या मजल्यावरून खाली. नऊ वर्षं खाटेवर आहे." शेड गप्प व्हायची.

त्या सोमवारीही सगळे हसले. मागच्या बाकावरची एक बाई तेवढी हसली नाही. डोळ्यांवर आलेलं हेल्मेट तिने वर सरकवलं, आणि वस्तादांना दिसली त्यांची धाकटी बहीण, त्याच मेव्हण्याची बायको. भावाला न सांगता ती आजच कामाला लागली होती.

वस्तादांनी कसाबसा धडा उरकला. बहीण हजेरीची सही करायला पुढे आली.

"अगं, ती नक्कल आपली... लोकांच्या ध्यानात राहावं म्हणून."

"खरंच तर आहे, दादा. तेही हेच म्हणतात. 'दादांनी सांगितलं होतं, माझीच मस्ती नडली.' किती बोलले असेन मी त्यांना त्यावरून! अंथरूण बदलतानासुद्धा."

वस्तादांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मेव्हणा पडला त्या दिवशी त्याने बेल्ट लावला होता. "दोन फळ्यांसाठी कशाला हे लोढणं? काढ, हात चालव," असं म्हणाले होते ते वस्तादच. चौकशीत मात्र 'मी तर बेल्ट लाव म्हणालो होतो' म्हणून त्यांनी कानांवर हात ठेवले. शुद्धीवर आल्यावर मेव्हण्याने, दादांची नोकरी जाऊ नये म्हणून, तेच खरं म्हणून टाकलं.

मजूर उठायला लागले होते.

"बसा जरा," वस्ताद म्हणाले. "बेल्ट त्याने लावला होता. काढायला मी लावला."

बहिणीने पेन टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर निघून गेली.

संध्याकाळी वस्ताद तिच्या घरी गेले. आत भांडी आपटत होती.

"तिला कशाला सांगितलंत?" खाटेवरून मेव्हणा कुजबुजला. "आता माझ्याशीही बोलत नाही. म्हणते, नऊ वर्षं मला उगाच बोलू दिलंत?"

वस्ताद दारातच उभे होते. आत या असं कोणी म्हटलं नाही. थोड्या वेळाने ते तसेच परतले.

पुढच्या सोमवारी त्यांनी गोष्ट खरी सांगितली. नक्कल केली नाही. पुढच्या रांगेतल्या एका गवंड्याने विचारलं, "मग तुम्हालाच कसं बसवलं हो इथे शिकवायला?"

वस्ताद हातातल्या हुकाची नुसतीच उघडझाप करत राहिले.