चौकचे मिस्त्री

“काय झालंय ते गाडी सांगंल. तुमी काय केलं, ते सांगा.”

बंद पडलेली मोटरसायकल ढकलत कोणी आलं, की मिस्त्री आधी हे विचारत. माणूस घाम पुसत उभा असे आणि हे खाटेवरून उठतही नसत. मग एकेक बाहेर यायचं. चढावर रेटली होती. ऑइल घालायचं राहिलं होतं. मेव्हण्याला चालवायला दिली होती. एवढं कबूल झालं, की मिस्त्री टोपी मागे सरकवून उठत.

चौक गावात मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेजारी आमचा पेट्रोल पंप. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोलला कूपनं आली आणि पंपाचा दांडा मारायचं माझं काम जवळजवळ संपलं. त्यामुळे मी दिवसभर त्यांच्याकडेच बसलेला असे. मूळचे ते समुद्राकाठचे कोकणी मुसलमान. इथे एकटेच राहत.

विलायतेहून सुटे भाग यायचे थांबले होते. मिस्त्री ते कुठूनही पैदा करत. भातगिरणीतून, विहिरीवरच्या इंजिनातून, मोडक्या शिवणयंत्रातूनसुद्धा. बसलं नाही, तर कानशीने घासून बसवत.

शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एक जुन्या घडणीची मोटरसायकल होती, टाकीपाशी हाताने गिअर टाकायची. ती वावर्ल्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलाची. तो खंडाळ्याला एका शेटजींकडे ड्रायव्हर होता. शेटजींनी गाडी त्याला देऊन टाकली होती. पलटणीत जाताना तो ती मिस्त्रींकडे ठेवून गेला. दर शुक्रवारी नमाजाहून आले, की मिस्त्री ती चालू करत, थोडा वेळ धडधडू देत आणि पुन्हा झाकून ठेवत.

खालापूरच्या डॉक्टरांकडे त्याच घडणीची गाडी होती. एका पावसाळ्यात गावोगाव ताप पसरला आणि नेमका त्यांचा कार्बुरेटर गेला. त्यात पेट्रोलवर तरंगणारी पितळेची डबी असते, ती फुटली होती.

“त्या कोपऱ्यातल्या गाडीची काढून द्या, मिस्त्री. पोरगा यायच्या आत परत करीन.”

“ती ठेवायला दिलेली हाय, डाक्टरसाब. तिचा नट पन काडनार नाय.”

“माणसं आजारी आहेत हो.”

“म्हनून तर तुमची चालू करतो. बसा.”

गावात लोक बोलायला लागले. पोराचा पत्ता नाही आणि हा म्हातारा त्याच्या लोखंडाची राखण करतोय. मलाही तसंच वाटत होतं. मिस्त्रींनी विलायती दारूच्या बाटल्यांची बुचं मिळवली. त्यांना दारू वर्ज्य, त्यामुळे जवळच्या डाकबंगल्याच्या खानसाम्याकडे बुचं मागताना फार अवघडले होते. ती जोडून, कोरून, वर लाखेचे थर देऊन त्यांनी त्या डबीच्या जागी बसवली. डॉक्टरांनी तो पावसाळा बुचांवर काढला.

लढाई संपल्यावर पोरगा आला. लॉरीतून आधी कुबड्या उतरल्या, मग तो. उजवा पाय मांडीपासून नव्हता. तो ब्रह्मदेशात गमावला होता. मिस्त्रींनी त्याला काहीच विचारलं नाही. गोणपाट काढलं आणि गाडी चालू केली.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “इकून टाका, मिस्त्री. किक कशानं मारू?”

“हातानं.”

“आन् ब्रेक?”

“डावा पाय हाय ना रं?”

पोराने तोंड फिरवलं. “मला खेळवू नका.”

“मी कदी खेळवलं कुनाला? दिवाळीला ये.”

पनवेलला एका बंद बंगल्यामागे साइडकार पडली आहे, असं त्यांच्या कानावर आलं. जाऊन बघतात तर तिच्यात राखणदाराच्या बायकोच्या कोंबड्या नांदत होत्या. “माज्या कोंबड्या कुटं जातील?” ती म्हणाली. मिस्त्रींनी आधी तिला खुराडं करून दिलं, मग मालकाच्या परवानगीने साइडकार बैलगाडीत घालून आणली. पुढे कितीतरी दिवस शेडमध्ये पिसं उडत होती. ती गाडीला जोडली, म्हणजे उभी राहताना पाय टेकायला नको. किकच्या दांड्याला त्यांनी नळाचा तुकडा जोडला, म्हणजे बसल्या जागेवरून हाताने ओढता येईल. ब्रेक डावीकडे घेतला.

दिवाळीत पोरगा गाडीवर बसला. पहिल्याच वळणावर रिकामी साइडकार उचलली गेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “वजन पायजे,” म्हणत मिस्त्री स्वतः तिच्यात शिरले. जन्मभर मोटरसायकली दुरुस्त केलेला हा माणूस दोन्ही हातांनी कडा धरून, डोळे मिटून बसला होता. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असतात. दोघं कर्जतच्या रस्त्याने गेले.

दुपार उलटली तरी पत्ता नाही. मी सायकल काढून निघणार, तेवढ्यात मिस्त्री एकटेच चालत येताना दिसले. सायकल तिथेच टाकून मी पुढे धावलो.

“काय झालं?”

“काय नाय. त्याच्या घरी गेलतो. बाप दारात बसलेला. पोराला म्हटलं, आता बापाला बसव. वजन कुनाचं बी चालतं.” ते माठापाशी जाऊन पाणी प्यायले. “म्हातारा लय हसत होता.”

पुढे दोनेक वर्षांत त्यांची नजर मंदावली आणि भाचा त्यांना गावी न्यायला आला. “तिकडं काम मिळेल का?” मी विचारलं.

“समुद्राकाठी लोखंड लवकर गंजतं,” ते म्हणाले. “काम मायंदाळ.”

लॉरीत मागे सामानावर ते बसले. आम्ही हात हलवत होतो, पण त्यांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. मान कलती करून ते इंजिन ऐकत होते. लॉरी वळणापर्यंत गेली आणि थांबली. मिस्त्री उतरले, ड्रायव्हरपाशी जाऊन काहीतरी विचारलं. ड्रायव्हर हातवारे करून बराच वेळ सांगत होता. मग मिस्त्री बॉनेटखाली वाकले. थोड्या वेळाने पुन्हा वर चढून बसले आणि लॉरी पनवेलच्या बाजूला गेली.