सकाळी अडकणाऱ्या गोळ्या

पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, सरांची नेमबाजीची रेंज हाय. तिथं मी कामाला लागले तेव्हा माझी पोर सात महिन्यांची होती. काम साधंच, झाडलोट करायची, आणि गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी उडून बाजूला पडते ती वेचायची, धुवायची, वाळत घालायची. पण पहिले पंधरा दिवस प्रत्येक बार उडाला की मी दचकत होते. कानाला लावायला दिलेलं होतं, तरी छातीत वाजायचं, आणि वाटायचं या भीतीनं माझं दूध आटणार.

सर सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पोरी, या कामात शिसं असतं. घरी गेल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय लेकराला घ्यायचं नाही. आणि तिला इथं कधी आणायचं नाही." मी इतकी घाबरले की पोरीला घ्यायच्या आधी तीन तीन वेळा हात धुवायचे, सासू म्हणायची, "कातडी काढतेस का?"

सर त्या पुंगळ्या टाकत नसत, परत भरत. त्याच्या परवान्याचा सरकारी कागद भिंतीवर काचेत लावलेला होता. मी आठवीपर्यंत शिकलेली, तो कागद मला पुरा वाचता आला नाय, पण शिक्का बघून बरं वाटलं. एका छोट्या खोलीत लोखंडी यंत्र होतं, दांडा खाली ओढला की वेडीवाकडी पुंगळी सरळ होऊन बाहेर यायची. मागं दिवाळीच्या टिकलीसारखी एक टिकली बसायची, आत दारू, वर शिशाची गोळी. दारू तोलायचा काटा एवढा नाजूक की सर म्हणायचे, "श्वास धर." मी दारात उभी राहून श्वास धरायचे. करंगळीच्या दोन पेरांएवढी वस्तू, आणि शंभरच्या शंभर एकसारख्या, जशा एकाच आईच्या. मला त्यांची भीती वाटायची आणि बघत बसावंसं पण वाटायचं.

दिवाळीनंतर सरांनी मला एक काम वाढवून दिलं, भरून झालेल्या गोळ्या पुसून डब्यात उभ्या लावायच्या. मला फार मोठं वाटलं. माझं सासर चिंचणीचं, समुद्राजवळ खाऱ्या हवेत पितळ लगेच काळं पडतं, म्हणून आमच्यात देवाची भांडी चिंचेनं घासून झाली की खोबरेल तेलाचा हात फिरवतात. मी पोरीच्या अंगाला लावायचं तेच तेल फडक्यावर घेऊन एकेक गोळी पुसायचे. अशा चमकायच्या की समई लावल्यासारखं वाटायचं. सर म्हणाले, "छान." मी काय लावते ते त्यांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय.

रेंजवर बोईसरची एक कॉलेजची मुलगी यायची, रोज सकाळी, बापाच्या स्कूटरवर. राज्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली होती. तिची पिस्तुलाची स्पर्धा अशी की मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या डबीत, पाच गोळ्या भरायच्या, खूण झाली की काही सेकंदांत पाचही सुटल्या पाहिजेत. एक जरी अडकली तरी सगळं हातचं गेलं.

स्पर्धेला सहा दिवस राहिले आणि थंडी पडली. त्या सकाळी तिची तिसरी गोळी वर आलीच नाय. मॅगझिन काढलं तर गोळ्या आत नाक खाली घालून बसलेल्या, खालची स्प्रिंग ढकलते तरी हलेनात. तिनं पिस्तूल खाली ठेवलं आणि हात चोळत बसली.

सर म्हणाले, "आधी मापं." व्हर्निअरचा मापायचा चिमटा घेऊन त्यांनी गोळीची लांबी मापली. "लांब झाली तर मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला नाक घासतं," असं मला समजावत होते, जशी मी त्यांची शिष्य. लांबी बरोबर निघाली. मग पुंगळीचं तोंड फुललेलं राहिलं का ते बघितलं, ते पण बरोबर. मॅगझिनचे वरचे ओठ बघितले, स्प्रिंग बदलली, आतून साफ केलं. कारखान्याच्या गोळ्या भरल्या तर एकदम सुळसुळीत चालल्या.

"म्हणजे दोष माझ्या हातात आहे," सर म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा पडला की मला बघवेना.

दुपारी त्यांनी आपल्याच गोळ्या मॅगझिनमध्ये परत भरल्या. पाचही चालल्या. परत भरल्या, परत चालल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत अडकल्या.

मुलगी म्हणाली, "सर, या गोळ्यांना पण माझ्यासारखा सकाळी उठायचा कंटाळा येतो." पण हसताना तिचे डोळे भरले होते, कारण तिची स्पर्धा सकाळीच होती. मला म्हणाली, "ताई, तुमचा देव कुठला? सांगा त्याला."

मी घरी येऊन देवाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी पोरीला तेल लावायला बाटली उलटी केली तर थेंब पडेना, आत सगळं पांढरं घट्ट.

सासू म्हणाली, "उन्हात ठेव की जरा. पोरीला काय मेण चोळणार हायस?"

मी बाटली उन्हात ठेवली आणि बघत राहिले. कडेनं आधी पाणी झालं, मग मधला पांढरा गोळा सुटला आणि आत तरंगायला लागला. सकाळी घट्ट, उन्हात पातळ. पोर उघडी रडत होती आणि मी बाटलीच बघत होते.

म्हणजे मीच.

सांगितलं तर काम जाणार हे मला कळत होतं. नाय सांगितलं तर त्या मुलीची गोळी स्पर्धेत अडकणार. दुसऱ्या सकाळी गेले ती धावतच खोलीत शिरले आणि एका दमात बोलले, "सर, मी गोळ्यांना खोबरेल लावते, देवाच्या भांड्यांना लावतो तसं, दिवाळीपासून, कुणी सांगितलं नव्हतं."

सरांनी डबा खोलला. डब्यातून एक गोळी घेतली, अंगठा फिरवला, नाकाला लावली. मग मॅगझिन खोललं, आतल्या कोपऱ्यात काडी फिरवली, काडीला मेणासारखं पांढरं आलं, त्यात रेंजची धूळ. त्यांनी ती काडी खिडकीतल्या उन्हात धरली. आमी दोघं बघत राहिलो. हळूहळू ते विरघळलं.

"तीन दिवस मी मापं घेत बसलो," ते म्हणाले, "आणि हे उन्हाला कळलं."

मग मात्र आवाज बदलला. "नुसती अडकली असती तर बरं. तेल मागच्या टिकलीत उतरलं तर गोळी फुसकी निघते, पिस्तुलाच्या नळीतच राहते. त्याच्यावर दुसरी मारली तर हात जातो." मुलगी दारात येऊन उभी होती, तिनं आपल्या हाताकडे बघितलं. मी पण तिच्याच हाताकडे बघितलं, पातळ बांगडी, नखांना रंग. मी तिथंच खाली बसले.

"मी जाऊ का सर?"

"कुठं जाते? मी विचारलं नाही ती चूक कुणाची? ऊठ. पुंगळ्या घे."

तेल लावलेल्या गोळ्यांचा सगळा डबा त्यांनी कुलपात ठेवला, त्यातली एक पण वापरायची नाय म्हणून. मग दोन दिवस नव्या भरल्या. मी पुंगळ्या धुवायचे, कोरड्या करायचे, ते भरायचे. भरलेली प्रत्येक गोळी एका मापाच्या नळकांड्यात टाकून बघायची, अलगद आत गेली की "टक" असा बारीक आवाज. तो आवाज ऐकायला मी कानाचं काढून बसायचे. मला त्यांनी धुतलेलं सुती फडकं दिलं. "कोरडं. फक्त कोरडं." माझ्या हातालाच घरचं तेल असायचं, म्हणून मी आधी साबणानं हात धुवायचे. आता पोरीसाठी पण धुवायचे आणि गोळ्यांसाठी पण.

मुलगी स्पर्धेला निघायच्या दिवशी सकाळी गारठा असा की तोंडातून वाफ निघत होती. सरांनी मुद्दाम मॅगझिन रात्रभर बाहेर ओट्यावर ठेवलं होतं, दव पडलेलं पुसून तिनं पाच गोळ्या भरल्या. मी डोळे मिटले नायत, पहिल्यांदाच. पाच बार झाले, पाच पुंगळ्या उडाल्या, एक माझ्या पायाजवळ पडली, त्या गारठ्यात वाफाळत.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, एकदा पण अडकली नाही."

"नंबर आला का?"

"सातवी."

"मग?"

"मग काय, बाकीचं माझं. गोळ्यांचं काय चुकलं नाही."

पोर माझ्या मांडीवर होती, तेल लावून झालेली, उन्हात लखलखत. कामावर जायची वेळ झाली होती, मी तिला खाली ठेवलं आणि हात धुवायला उठले.