सुनीतीवहिनीसाठी लावलेला कौल

आमच्या सुनीतीवहिनीला कुणी ‘बिच्चारी’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. बिच्चारी कसली! शहात्तर साली ऑपरेशन करून तिचा एक स्तन काढला, तेव्हा भेटायला येणाऱ्या बायका आवाज खाली करून ‘तो आजार’ म्हणायच्या. वहिनी उशीला टेकून खणखणीत सांगायची, "कॅन्सर. काढून टाकलाय. चहा घेणार ना?"

ती जन्मानं कलकत्त्याचीच. बंगाली मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. माझा भाऊ, म्हणजे दादा, तिथंच गार्डन रीच भागात रेल्वेच्या ऑफिसात. रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये आई, दादा, वहिनी आणि मी राहायचो. दवाखान्यातून आल्यापासून वहिनी रोज भिंतीवर बोटं सरकवत ऑपरेशनच्या बाजूचा दुखरा हात वर न्यायची. डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंड चालूच. एकदा मी म्हटलं, "दे, मी वेणी घालते." तर म्हणते कशी, "मग माझ्या हातानं काय नुसतं बसून खायचं?"

खरा प्रश्न पुढचा होता. काखेतल्या गाठींतही रोग सापडला होता. डॉक्टर म्हणाले, कोबाल्टच्या मशीनचा शेक, म्हणजे किरणांचे उपचार घ्या. कातडी भाजेल, थकवा येईल, हात कदाचित सुजेल, पण रोग उलटायचा धोका कमी होईल. नाहीतर शेक न घेता दर महिन्याला तपासत राहू. खात्री कशाचीच नाही. वहिनीनं त्यांना बंगालीत खोदून खोदून विचारलं. दादा शेजारी घाम पुसत बसला होता.

आई मात्र ‘शेक’ म्हटलं की पांढरीफटक पडायची. माझी थोरली बहीण पुष्पाताई मुंबईला सासरी याच दुखण्यानं गेली, तीही शेक चालू असतानाच. सासरच्यांनी आईला तिच्याजवळ जाऊच दिलं नव्हतं. म्हणे, तुम्ही येऊन काय करणार! अजून संताप होतो मला.

दादाला काही ठरवता येईना. शेवटी आई म्हणाली, "कौल लावू." आमच्या कोकणातल्या घराची ही रीत. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्या संध्याकाळी आईनं देव्हाऱ्यातल्या गणपतीला गाऱ्हाणं घातलं, "शेक घ्यावा का, तूच सांग रे बाबा." मग उजवं फूल तिनं गंधात बुडवून अंगठ्यानं घट्ट दाबलं आणि डावं नुसतं टेकवलं. मी बघितलं. वहिनीनंही बघितलं. डावं लगेच पडलं. लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता, त्यामुळे वाऱ्याचं निमित्त सांगायचीही सोय नव्हती. दादाच्या जिवात जीव आला. वहिनी देवाला नमस्कार करून भात लावायला गेली.

मी मनातल्या मनात चडफडले. एवढी खमकी बाई, आणि गप्प बसली?

सकाळी बघते तर ही कडक इस्त्रीची साडी नेसून तयार. "निघालीस कुठं?" आईनं विचारलं.

"शेकासाठी नाव घालायला."

"अगं, देवानं नाही म्हटलंय!"

"देवानं नाही, आई. तुम्ही म्हटलंत." वहिनीच्या आवाजात राग नव्हता. "तुमचा जीव किती घाबरलाय ते कळतं मला. मीही घाबरलेय. पण ‘आता उलटतंय का, मग उलटतंय का’ म्हणत बसणं मला नाही जमायचं. करण्यासारखं आहे ते मी करणार."

दादा मान खाली घालून उभा. आई म्हणाली, "आणि शेक घेऊनही तुला काही झालं तर?"

"तर तुम्ही माझ्याजवळ असाल. पुष्पावन्संकडे तुम्हाला जाऊ दिलं नाही. माझ्याबरोबर चला."

 आई आत गेली, लुगडं बदलून आली आणि दादाला म्हणाली, "टॅक्सी बोलाव."