भीती उतरल्यावरचं माप

आईला तेल्हाऱ्याहून शहरात, जठारपेठेत हृदयाच्या इको तपासणीला नेलं होतं. हृदयाची झडप किती आवळली आहे, यावर ऑपरेशन ठरणार होतं. मशीनवरच्या बाईंनी थंड जेली आधी स्वतःच्या तळहातावर चोळून कोमट केली, मगच आईच्या छातीला लावली. पडद्यावरचे आकडे वाईट आले, पण बाईंनी ते लिहिलेच नाहीत.

"माय, तुमी भेल्या. ठोके धावून राहिले. भीतीचं माप घेऊन मी काय करू?"

त्या स्टूल ओढून बसल्या आणि आईशी शेतातल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या गोष्टी बोलत राहिल्या. ठोके निवल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा आकडा बराच उतरला होता. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्यांवर भागेल.

निघताना आईनं बाईंना विचारलं, "तुह्यं काळीज कोण मोजते वो?"

बाई हसल्या, आणि कितीतरी वेळ त्यांनी आईचा हात सोडला नाही.