दोन कार्डांचा सर्व्हर

छापखान्यात तिला सगळे वायरताई म्हणत. लागली होती टायपिस्ट म्हणून, पण सर्व्हर तिनेच पुस्तकं वाचून, डोकेफोड करून उभा केला होता. त्यात दोन नेटवर्क कार्डं होती. एक बाहेरच्या इंटरनेटसाठी, दुसरं आतल्या सोळा कॉम्प्युटरांसाठी, आणि मधे तिने बसवलेला पहारा. अकरा वर्षं बाहेरची कीड आत शिरली नव्हती.

मग मालकांचे जावई मॅनेजर झाले.

"ताई, दोन-दोन वायरी कशाला? सगळं एकाच नेटवर्क स्विचला लावा, काम पटापट होईल."

"साहेब, मग दाराला कडीच उरणार नाही," ती म्हणाली.

"तुम्ही पडलात जुन्या काळातल्या. राहू द्या, मीच करतो." आणि त्यांनी खरंच वायर बदलली.

तिसऱ्या आठवड्यात छपाईच्या सगळ्या फायलींना बाहेरून कुणीतरी कुलूप ठोकलं. मालक तिच्यावरच उखडले, "सर्व्हर तुमचा ना?" जावई खिडकीबाहेर बघत राहिले. खरं काय ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मालकांनी जावयांकडे एकदाही पाहिलं नाही, तेव्हा ती काय समजायचं ते समजली.

कपाटातल्या डिस्कवर जपून ठेवलेल्या फायलींच्या प्रतींवरून तिने चार दिवसांत सगळं परत उभं केलं, दोन्ही कार्डं पुन्हा वेगळी लावली. पाचव्या दिवशी मालकांनी नवी सुरक्षित व्यवस्था आणल्याबद्दल सगळ्यांसमोर जावयांची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचीच तिला पुढे कितीतरी दिवस चीड येत राहिली.