पायलचा पंधरावा पाठ

पायल तायडे हिवरखेडची. वडील देवमन तायडे तेल्हारा आगारात एसटीचे वाहक होते. गणितात एम.एस्सी. करून ती अमरावतीला बी.एड.ला आली, तेव्हा मीही मोर्शीहून त्याच वर्गात आलो. पहिल्याच आठवड्यात दिसलं, हजेरीपटावर शंभर नावं आणि बाकांवर जेमतेम पंचवीस जण. बाकीचे थेट परीक्षेलाच उगवणार, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. पायल मात्र रोज यायची. म्हणायची, "शिकवायचं कसं, थे शिकाले आली मी. घरी बसून कशी शिकू?"

शहरातल्या शाळांमध्ये आमचे सराव पाठ सुरू झाले. तिचा पंधरावा पाठ नववीच्या वर्गावर होता, दोन चलांतील समीकरणं. मागच्या बाकावर निरीक्षणाला आमच्या कॉलेजचे ढोरे सर बसलेले, अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. उदाहरण सोडवता सोडवता एक पोरगी उभी राहिली. "मॅडम, उणे गुणिले उणे अधिक काहून येते?"

पायलनं समीकरण पुसलं. फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: तीन गुणिले उणे दोन, उणे सहा. दोन गुणिले उणे दोन, उणे चार. एक गुणिले उणे दोन, उणे दोन. शून्य गुणिले उणे दोन, शून्य. मग विचारलं, "दर ओळीले उत्तर कितीनं वाढून राहिलं?"

"दोननं!"

"मग आता उणे एक गुणिले उणे दोन?"

पोरं फळ्यावरच्या ओळी पुन्हा वरून खाली वाचू लागली. मग तीच पोरगी म्हणाली, "दोन. अधिक दोन!" आणि स्वतःच हसली.

तास संपल्यावर ढोरे सरांनी टाचणाची, म्हणजे पाठाच्या आराखड्याची, वही समोर धरली. "हे टाचणात आहे का? नियम आहे म्हणून सांगायचं आणि पुढं सरकायचं."

"टाचणात नाही सर. पण पोरगी तं वर्गात होती न!"

सरांनी पंचवीसपैकी अकरा गुण दिले. शेरा: टाचणापासून विचलन.

त्याच दिवशी, त्याच तासाला माझा पाठ शहरातल्या दुसऱ्या शाळेत होता. तिथली पोरं वृक्षदिंडीला गेली होती. मी तोंडही न उघडता परत आलो. संध्याकाळी माझ्या वहीत ढोरे सरांची सही होती, 'उद्दिष्टे साध्य' असा शेरा होता, आणि गुण तेवीस!

पायलनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. तिचा चेहरा लाल झाला. "एक माणूस एकाच टायमाले दोन शाळेत कसा बसते रे, नितेश? चाल, प्राचार्यांकडे. तू फक्त लिहून दे, का पाठ झालाच नाही."

"मले पास व्हायचं हाय, पायल."

"आन् उद्या वर्गावर उभा राहून पोराईले काय शिकवशील?"

मी माझी वही परत मागितली. तिनं माझी वही माझ्या हातात दिली आणि एकटीच गेली. मला न विचारता ती त्या वहीचा फोटो काढू शकली असती. काढला नाही.

माझ्या वहीशिवाय सरांविरुद्ध पुरावा नव्हता. मग तिनं स्वतःच्या पाठापुरता अर्ज केला: पाठ पुन्हा बघा, दुसऱ्या कोणी बघा. कार्यालयानं सांगितलं, नमुना चुकला. मग सांगितलं, साहेब नाहीत. मग म्हणाले, अर्जच सापडत नाही. तिच्याजवळ शिक्का मारलेली पोच होती, ती तिनं टेबलावर ठेवली. सात आठवड्यांनी निवृत्त शिक्षिका आशाबाई राऊत निरीक्षणाला आल्या.

पायलनं तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर घेतला, आणि या वेळी उणे-अधिकचा तो भाग आधी टाचणात लिहूनच. आशाबाई तासभर हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तीस वर्षं मी हा नियम पोराईकडून नुसता घोकून घेतला वं बाई." बावीस गुण दिले.

आणि कॉलेजनं काय करावं? अकरा आणि बावीस यांची सरासरी काढली. साडेसोळा!

"चूक आन् बरोबर याची सरासरी काढते का कोणी?" पायल प्राचार्यांच्या दालनात एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की व्हरांड्यात आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आत गेलं मात्र कोणीच नाही. मीही नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

ती पास झाली, माझ्यापेक्षा कमी टक्क्यांनी. आता ती बडनेऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवते. ढोरे सर विभागप्रमुख झाले आहेत. आमच्याच कॉलेजची मुलं दोन वर्षं सरावाला तिच्याकडे यायची. ती प्रत्येक पाठाला शेवटच्या बाकावर बसायची, आणि जो पाठ झाला नाही त्यावर सही करायची नाही. कोणी गयावया केली तर म्हणायची, "उद्या घे. मी हावो न इथं."

या वर्षी कॉलेजनं तिच्या शाळेत विद्यार्थी पाठवणं बंद केलं. कारण लेखी दिलं आहे: तिथे आमच्या मुलांना त्रास होतो. त्रास काय, तर तिथे पाठ घ्यावा लागतो.